गर्भारपणातला थकवा : एका शोधाची हकिकत

आठवा महिना लागला म्हणजे पोटुशी बाई उठता-बसता जमिनीला हात टेकते. संध्याकाळी पाय सुजतात, कंबर धरते, जेवल्यावर छातीत जळजळतं, रात्री पोटरीत गोळा येतो. घरातली वडील मंडळी म्हणतात, “असंच असतं गं, दिवस भरले की सुटशील.” हे म्हणणं बरंचसं खरं आहे, पण सगळं खरं नाही. या ‘असंच असतं’च्या आड कितीतरी आयाबाया दगावल्या. कोणतं दुखणं तसं असतं आणि कोणतं नसतं, हे माणसाला हळूहळू उमगत गेलं. त्याचीच ही हकिकत.

पूर्वी बाळंतपण म्हणजे घर आणि सुईण. सुईणीच्या हाताला अनुभव होता. पण अंगातलं रक्त कमी झालं आहे की नाही, हे मोजायचं साधन तिच्यापाशी नव्हतं. डॉ. आनंदीबाई जोशी 1886 साली अमेरिकेत डॉक्टर झाल्या. त्यांनी प्रबंधासाठी प्रसूतीचाच विषय घेतला होता. पण पुढच्याच वर्षी पुण्यात त्यांचा अंत झाला आणि त्यांची विद्या आपल्या बायकांच्या कामी यायची राहून गेली. 1909 साली पुण्यात सेवासदन निघालं. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने तिथे बायका परिचारिकेचं आणि सुईणीचं शास्त्रशुद्ध काम शिकू लागल्या.

आता जरा मुळशीकडे वळू. माले हे मुळशी तालुक्यातलं, धरणाच्या परिसरातलं गाव. या धरणासाठी जमिनी जाऊ नयेत म्हणून 1921 साली मावळ्यांनी सत्याग्रह मांडला. सेनापती बापट त्यात अग्रभागी होते. तरी धरण झालंच. घाटाखाली भिऱ्याचं वीजघर 1927 साली सुरू झालं आणि मुळशीच्या पाण्यावरची वीज मुंबईला गेली. त्याच मुंबईतून पुढे एक मोलाची गोष्ट उलट वाटेने खेड्यापाड्यांत आली.

ती अशी. मुंबईत गिरणीत खपणाऱ्या आणि इतर गरीब बायका शेवटच्या महिन्यांत पांढऱ्याफटक पडत. चार पावलं चाललं की धाप लागे. त्यातल्या काही बाळंतपणात जात. या दुखण्याचा शोध घेण्यासाठी 1928 साली डॉ. ल्यूसी विल्स या इंग्लंडहून मुंबईस आल्या. त्यांनी नुसतं रक्त तपासलं नाही. डॉ. तळपदे यांच्यासह त्यांनी या बायका काय खातात, कशा राहतात, याचीही पाहणी केली. दुखण्याचं मूळ जंतूत नसून ताटात असावं, असं दिसू लागलं. यीस्टपासून केलेलं मार्माइट नावाचं खाद्य दिल्यावर आजारी बायकांचं रक्त सुधारलं. 1931 साली हे प्रसिद्ध झालं. यीस्टमधलं ते नेमकं द्रव्य कोणतं, हे मात्र पुढे कळलं. 1941 साली ते पालकाच्या पानांतून वेगळं काढलं आणि पानावरूनच त्याला ‘फॉलिक आम्ल’ हे नाव पडलं.

नुसत्या खाण्याने भागत नाही, विसावाही लागतो. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार बायकांना बाळंतपणाची रजा आणि भत्ता देण्याचं विधेयक आलं. आईला विसावा मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे, अशी बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. 1929 साली कायदा झाला. शेतावर राबणारीला मात्र असा कायदा नव्हता. तिला विसावा द्यायचा तो घरच्यांनीच.

1970 साली सरकारने गरोदर बायकांना लोह आणि फॉलिक आम्लाच्या गोळ्या देण्याचा कार्यक्रम सुरू केला. मालेच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या गोळीमागे मुंबईच्या त्या बायकांचं दुःख उभं आहे. गोळीने शौच काळं होतं. त्यात भिण्यासारखं काही नाही. ती चहाबरोबर घेऊ नये. लिंबू किंवा आवळा सोबत असला तर लोह अंगी चांगलं लागतं. मूल मोठं होऊन अडेल म्हणून पोटाला चिमटा घेणं सर्वस्वी चूक. भाताबरोबर नाचणी, पालेभाजी आणि कडधान्य ताटात हवंच.

बाकीच्या तक्रारींना घरचे उपाय पुरतात. पाय सुजले तर उशीवर टेकवून ठेवावेत. झोपताना कुशीवर, शक्यतो डाव्या, निजावं. जळजळ होत असेल तर थोडं थोडं, अनेकदा खावं आणि जेवल्याबरोबर आडवं होऊ नये. पोटरीत गोळा आला तर पाय सरळ करून पाऊल आपल्याकडे ओढावं. जड हंडे आणि मोळ्या दुसऱ्याने उचलाव्यात.

पण तोंड आणि हात सुजले, डोकं फार दुखू लागलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, छातीखाली पोटात कळ आली, अंगावरून रक्त गेलं, पाणी गेलं, झटके आले, बसल्याजागी धाप लागली किंवा बाळाची हालचाल मंदावली, तर ते ‘असंच’ नव्हे. तेव्हा सकाळची वाट पाहू नये. 108 नंबरला फोन करावा आणि दवाखाना गाठावा. मुळशीच्या पावसात घाटवाटा अडतात, म्हणून गाडीची आणि सोबतीच्या माणसाची तजवीज आधीच करून ठेवावी.

शिक्षक बंधुभगिनींनो, ही लक्षणं शाळेच्या फळ्यावर एकदा लिहा. मुलं ती घरी जाऊन सांगतील. मग पुढच्या वेळी सून म्हणाली, “आत्याबाई, जीव घाबरतोय,” तर उत्तर ‘असंच असतं’ असं न येता, “चल, दाखवून येऊ,” असं येईल. त्या उत्तरापर्यंत पोचायला आपल्याला फार वर्षं लागली आहेत.