बंद ट्रकचं इंजिन: सेल्फ मारण्याआधी हे बघा
आमच्या चुडाव्यात कित्येक वर्षं उभा असलेला टाटा ६९७ इंजिनचा ट्रक दिसला, की मी आधी ऑइलची पट्टी काढतो. ऑइल दुधाळ दिसलं म्हणजे आत पाणी गेलंय; आधी गळती शोधा, सेल्फ नको. नाहीतर सहाही नोझल काढून सिलिंडरमध्ये थोडं ऑइल सोडा, दोन दिवसांनी पान्याने हळू फिरवा. अडलं तर जोर लावू नका. मोकळं फिरलं, की जुनं डिझेल काढा, फिल्टर बदला, लाइनमधली हवा काढा.

मोबाइलला जोडायचा स्कॅनर इथे निरुपयोगी, कारण पंप पूर्ण मेकॅनिकल. खरा धोकाही त्यातच: पंपाचा रॅक जाम असेल तर इंजिन सुसाट सुटतं, चावी फिरवूनही थांबत नाही. पहिल्या स्टार्टला हवेचं तोंड झाकायला जाड फळी घेऊन एकजण उभा ठेवा. हाताने झाकू नका.