दारावरची थाप : संत बेसिल



गेल्या महिन्यात गटाच्या बैठकीत एक जण म्हणाली, "ताई, दार वाजलं तरी छातीत धस्स होतं." तिनं गटाबाहेर, सावकाराकडून पैसे उचलले होते. तेव्हा मला सोळाशे वर्षांपूर्वीचे एक बिशप आठवले. आज त्यांचीच ओळख करून देते.

त्यांचं नाव संत बेसिल. इ.स. ३३०च्या सुमारास कप्पदुकिया प्रांतातल्या, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातल्या, एका श्रीमंत ख्रिस्ती घरात ते जन्मले. शिक्षण थेट अथेन्सला झालं. शिकून परतले ते विद्येचा तोरा घेऊनच. तो उतरवला त्यांच्या थोरल्या बहिणीनं, मॅक्रिनानं. हे त्यांच्या धाकट्या भावानं, ग्रेगरीनं, लिहून ठेवलं आहे. मॅक्रिना स्वतःच्या हातानं आईसाठी भाकरी भाजायची. घरातल्या दासींना तिनं बरोबरीचं स्थान दिलं. मालकीण आणि दासी यांचं जेवण एक, राहणं एक. बहिणीचं हे जगणं पाहून बेसिलनीही साधेपणाची वाट धरली.

इ.स. ३६९च्या सुमारास कैसरिया शहरात मोठा दुष्काळ पडला. समुद्र लांब, त्यामुळे बाहेरून धान्य येणं कठीण. काहींची कोठारं मात्र भरलेली होती; भाव आणखी चढायची ते वाट पाहत होते. बेसिल तेव्हा बिशप नव्हते, साधे धर्मगुरू होते. त्यांनी भर प्रवचनात या लोकांना जाब विचारला. पोटच्या पोरांपैकी कोणाला विकून धान्य आणायचं, या विचारानं तुटणारा बाप त्यांनी डोळ्यांपुढे उभा केला. कोठारं उघडली. मग मोठाल्या भांड्यांत कढण शिजवून ते स्वतः भुकेल्यांना वाढू लागले. तिकडे मॅक्रिनानं दुष्काळात रस्त्यावर पडलेल्या मुली उचलून आणल्या, सांभाळल्या, वाढवल्या.

३७० साली बेसिल बिशप झाले. शहराबाहेर त्यांनी गरिबांसाठी, वाटसरूंसाठी आणि आजाऱ्यांसाठी मोठी वसाहत उभारली. ज्यांना सगळे हाकलत, त्या कुष्ठरोग्यांनाही तिथं जागा होती.

आता कर्जाचं. त्या काळी कायद्यानं महिना शेकडा एक रुपयासारखं व्याज घेता येई. व्याजावरच्या प्रवचनात बेसिलनी सावकाराला फटकारलंच, पण कर्जदाराचं मनही उघडं केलं. पैसे हातात आले की तो खुशीत असतो. मग महिने सरकू लागतात. कुत्रं भुंकलं तरी घाम फुटतो, दार वाजलं की तो पलंगाखाली दडतो. हे वाचलं तेव्हा मला आपल्या गटातलीच बाई दिसली.

बेसिल गरिबांना सांगत, भांडीकुंडी विका, पण कर्ज काढू नका. इथं मात्र मी अडते. लेकराला दवाखान्यात न्यायचं असेल आणि विकायला काहीच नसेल, तर बाईनं काय करावं? आपल्या गटातही व्याज आहे. ते बेसिलना पटलं नसतं, हे मी मान्य करते. पण ते व्याज गटातच राहतं, आणि हप्ता चुकला तर काय अडचण आली, हे आपण बसून विचारू शकतो. विचारतो का, हा खरा प्रश्न आहे.

बेसिल पन्नाशीच्या आतच वारले. १ जानेवारी ३७९ हा त्यांच्या मृत्यूचा दिवस मानतात. ग्रीसमध्ये आजही नववर्षाला त्यांच्या नावाचा केक करतात. त्यात एक नाणं दडवतात. ज्याच्या वाट्याला येईल, त्याचं वर्ष चांगलं जाणार म्हणतात.

मैत्रिणींनो, पुढच्या बैठकीत वसुलीची वही उघडण्याआधी एक करूया. बाहेरचं कर्ज कोणाकोणावर आहे, हे न लाजता, न लाजवता विचारूया. एकीच्या तरी दारावरची थाप आपल्याला थांबवता येईल.