पाडकामानंतरची जागा



ज्या व्यासपीठावर पंडितांनी बोलावे तेथे आम्हांला बोलावले, याचा आम्हांला संकोच वाटतो. आमचे शिक्षण रात्रशाळेत सुरू झाले आणि चाळीच्या कोपऱ्यावरील मोफत वाचनालयात जेवढे झाले तेवढे झाले. इतिहास आम्ही कॉलेजात शिकलो नाही. परंतु गेली तीस वर्षे युनियनचे काम करताना एक गोष्ट ध्यानी आली. कामगाराला आपल्या पगाराचा इतिहास ठाऊक असतो, पण आपण ज्या जमिनीवर उभे राहतो तिचा नसतो. हे अज्ञान आम्हांला फार महाग पडले. म्हणून आज विषय घेतला आहे तो पाडकामाचा. इमारत पडते तेव्हा सगळ्यांचे डोळे धुळीकडे असतात. धूळ बसल्यावर मोकळ्या झालेल्या जागेचे काय होते, हे पाहायला मात्र कोणी थांबत नाही. खरा इतिहास तेथूनच सुरू होतो.

मुंबईच्या मध्यभागात गेल्या दीडशेहून अधिक वर्षांत तीन मोठी पाडकामे झाली. पहिले किल्ल्याच्या तटाचे, दुसरे दाट वस्तीतील घरांचे आणि तिसरे गिरण्यांचे. तिन्ही वेळा कारण एकच सांगण्यात आले: जुने झाले, शहराची वाढ अडली. तिन्ही वेळा त्यात काही तथ्यही होते. पण जागेचा निकाल तिन्ही वेळा निरनिराळा लागला.

पहिले पाडकाम घ्या. १८६२ साली सर बार्टल फ्रिअर मुंबईचे गव्हर्नर झाले. अमेरिकेत यादवी युद्ध चालू होते, तेथला कापूस इंग्लंडला मिळेना, म्हणून मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला होता. शहर फुगत होते आणि जुना तट गळ्यातील फासासारखा झाला होता. अपोलो गेट, चर्चगेट, बझारगेट हे दरवाजे गेले, तटबंदी गेली. मोकळ्या झालेल्या जागेपैकी काही भूखंड विकले गेले हे खरे. परंतु उरलेल्या जागेवर काय उभे राहिले? विद्यापीठ, उच्च न्यायालय, सरकारी कचेऱ्या आणि त्यांच्यासमोर मैदाने. साहेबाने हे रयतेच्या प्रेमापोटी केले असे आम्ही म्हणणार नाही. पलीकडे देशी वस्तीत गटारे तुंबत होती, तिकडे त्याने तेवढ्या तत्परतेने पाहिले नाही. तथापि ज्याला ओव्हल म्हणतात त्या मैदानावर आज कोणाचाही पोरगा क्रिकेट खेळू शकतो. जागा सार्वजनिक नावावर राहिली तर तिचे फळ शंभर वर्षांनी का होईना, पण सामान्य माणसाच्या पदरात पडते. हा पहिला धडा.

दुसरे पाडकाम प्लेगने आणले. १८९६ च्या सप्टेंबरात मांडवीत रोग दिसला आणि १८९८ साली कायदा होऊन सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. समुद्रावरचा वारा कोंदट वस्तीत शिरावा म्हणून प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड हे रुंद रस्ते घरे फोडून काढण्यात आले, नागपाड्याची जुनी वस्ती पाडली गेली. हेतू आरोग्याचा होता. पण पाडण्याचा वेग मोठा आणि बांधण्याचा लहान. उठवलेला गरीब नव्या इमारतीचे भाडे देऊ शकेना. तो शेजारच्याच गल्लीत, आधीच भरलेल्या खोलीत आणखी चार माणसे होऊन राहिला. गर्दी हटली नाही, तिने फक्त पत्ता बदलला.

पुढे ट्रस्टने चाळी बांधल्या. परळच्या अशाच एका चाळीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी अनेक वर्षे काढली. १९२० नंतर सरकारच्या डेव्हलपमेंट खात्याने वरळी, नायगाव, डिलाईल रोड व शिवडी येथे बी.डी.डी. चाळी उभारल्या. संकल्प होता पन्नास हजार खोल्यांचा, पुऱ्या झाल्या सुमारे सोळा हजार. खोली सुमारे १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. त्यासाठी शहरात येणाऱ्या कापसाच्या प्रत्येक गाठीवर एक रुपया पट्टी बसवली होती. म्हणजे ज्या धंद्याने मजूर आणले त्या धंद्याकडूनच त्यांच्या निवाऱ्याचा काही खर्च घ्यावा, हे तत्त्व परक्या सरकारलाही मान्य करावे लागले होते. हा दुसरा धडा. आणि तोच आपण पुढे विसरलो.

आता तिसरे पाडकाम. ते आमच्या घरातले आहे.

१८५४ साली कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेवला पहिल्या कापड गिरणीची कंपनी काढली. त्यानंतर शंभर वर्षांत लालबाग, परळ, वरळी, भायखळा या भागांत चिमण्यांचे रान उठले. कोकणातून आणि घाटावरून माणसे आली, एका खोलीत पाळीपाळीने झोपली, खानावळीत जेवली आणि भोंग्यावर उठली. नारायण मेघाजी लोखंडे यांनी याच माणसांची पहिली संघटना बांधली आणि १८९० साली रविवारची सुटी मिळवली. १९२८ चा सहा महिन्यांचा संप याच गल्ल्यांनी लढवला.

१८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. आम्ही तेव्हा बारा वर्षांचे होतो. वडील साचेखात्यात होते. पहिले दोन महिने घरात उत्साह होता, सहाव्या महिन्यात आईने भांडी मोडीत काढली, वर्षाने वडील गावी शेतावर गेले. तो संप कधी रीतसर मागे घेतला गेलाच नाही. मागण्या काय होत्या? पगारवाढ, बदली कामगारांना कायम करणे, १९४६ चा औद्योगिक संबंधांचा कायदा रद्द करणे. तिन्ही न्याय्य होत्या. पण त्या मागण्यांत जमिनीचा प्रश्न नव्हता. आम्ही साच्याकडे पाहत होतो, मालक साच्याखालच्या जमिनीकडे पाहू लागला होता. ही आमच्या चळवळीची चूक होय आणि ती आम्ही इतरांच्या माथी मारू इच्छीत नाही. ती चूक पुढे काही जणांनी ओळखली. १९८९ साली दत्ता इस्वलकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी बंद गिरणी कामगार संघर्ष समिती स्थापन केली आणि जमिनीचा प्रश्न कामगारांच्या तोंडी आणला.

गिरण्यांची जमीन सगळी मिळून सुमारे ६०० एकर. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ५८ वा नियम घालण्यात आला. स्थूलमानाने त्याचा अर्थ असा: जमिनीचा एक तृतीयांश महापालिकेला, मैदाने व बागांसाठी, एक तृतीयांश म्हाडाला, परवडणाऱ्या घरांसाठी, उरलेला मालकाला. विक्रीच्या पैशातून कामगारांची देणी फेडावयाची. या वाटणीत मोकळी जमीन तर होतीच, आणि गिरणी पाडल्यावर मोकळी होणारी जमीनही होती.

ही वाटणी मालकांना रुचली नाही. पाडले तर वाटा द्यावा लागतो, म्हणून कित्येकांनी काहीच केले नाही आणि काहींनी जुन्याच शेडमध्ये दुकाने व उपाहारगृहे थाटली. योजना पुढे सरकत नाहीत, कामगारांची देणीही थकतात, असे कारण देऊन २००१ साली नियम बदलण्यात आला. वाटणी राहिली, पण ती फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीची. पाडून मोकळी झालेली जमीन वाटणीतून वगळली गेली.

श्रोतेहो, फरक किती पडतो हे गृहिणीच्या हिशोबाने पाहा. बारा एकरांची गिरणी घ्या. जुन्या नियमाने चार, चार आणि चार एकर. नव्या नियमात नऊ एकरांवर शेड असतील तर वाटणी उरलेल्या तीन एकरांची. शहराला एक, घरांना एक, आणि बाकीचे दहा एकर मालकाचे. गिरणीत जेवढे साचे दाट, तेवढा लोकांचा वाटा लहान! प्रकरण न्यायालयात गेले. ऑक्टोबर २००५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सांगितले की पाडून मोकळी झालेली जमीनही मोकळीच. मार्च २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल फिरवला. न्यायालयाने नियमाची भाषा वाचली. पण भाषा लिहिली गेली तेव्हा आम्ही कोठे होतो, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारतो. सहाशे एकरांचे भवितव्य ‘मोकळी जमीन’ या दोन शब्दांच्या अर्थावर ठरले. त्या दिवशी एकही मोर्चा निघाला नव्हता, कारण राजपत्र कोणी वाचत नाही.

त्यानंतर काय झाले? लोअर परळची सतरा एकरांची एक सरकारी गिरणी २००५ साली ७०२ कोटींना विकली गेली. २०१२ साली तीच जागा २,७२७ कोटींना दुसऱ्या हाती गेली. सात वर्षांत तेथे वारभर कापड निघाले नाही, तरी किंमत जवळजवळ चौपट झाली. दुसऱ्या बाजूला घरासाठी अर्ज करणाऱ्या कामगारांची व वारसांची संख्या पावणेदोन लाखांच्या आसपास गेली. २०१२ ते २०२० च्या सोडतींत मिळून घरे निघाली १५,८७०. म्हणजे अकरा जणांत एकाला. त्यांतली काही पनवेलजवळच्या कोनला. अलीकडे बाकीच्यांना शेलू-वांगणीची दिशा दाखवण्यात आली, म्हणून जुलै २०२५ मध्ये म्हातारी माणसे काठी टेकीत आझाद मैदानावर आली.

आमचे आजचे सभासद त्याच टॉवरांतून पहारा देतात, फरशा पुसतात. ते सगळे कंत्राटी. एकाने परवा आम्हांला एका मॉलच्या तळघरातील मोटारतळावर नेले आणि एका खांबाजवळ उभे केले. म्हणाला, “साहेब, बाबांचा साचा इथं वर कुठंतरी होता. म्हणून मी ड्युटी हीच मागून घेतो.” तो रोज नालासोपाऱ्याहून येतो. जाण्यायेण्यात त्याचे चार तास जातात. ज्या जमिनीवर बापाला कायम नोकरी होती, तेथे मुलाला बसायला स्टूलसुद्धा भांडून मिळवावे लागले.

कोणी म्हणेल, तुम्ही जुन्याला कवटाळून बसता. तसे नाही. सामाईक संडासासमोर रांगेत उभे राहून ज्याचे बालपण गेले तो जुन्या चाळीची आरती ओवाळीत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बी.डी.डी. चाळींतील पहिल्या ५५६ कुटुंबांना त्याच जागी नव्या घरांच्या चाव्या मिळाल्या, याचा आम्हांला आनंदच आहे. भाडेकरूला त्याच जागी मोठे घर देता येते, एवढे त्यातून सिद्ध झाले. पाडू नका असे आमचे म्हणणे नाही. आमचे म्हणणे एवढेच की पाडण्यापूर्वी विचारा.

आणि विचारण्याची वेळ गेलेली नाही. १९६९ च्या कायद्याखाली मुंबई शहरात साडेएकोणीस हजारांवर उपकरप्राप्त इमारती मोजल्या गेल्या होत्या. त्यांतल्या हजारो आजही टेकू लावून उभ्या आहेत आणि पावसाळ्यात एखादी कोसळली की आपण हळहळतो. त्या पडणारच, हाताने तरी, नाहीतर पावसाने. तेव्हा प्रत्येक इमारतीच्या दारात तीन प्रश्न विचारले पाहिजेत. येथे राहणारा आणि राबणारा माणूस दरम्यान कोठे जाईल, आणि परत येईल याची लेखी हमी काय? वाढलेल्या किमतीचा वाटा शहराला किती? आणि मोकळ्या होणाऱ्या जागेपैकी कायमची सार्वजनिक नावावर राहणार ती किती?

हे प्रश्न वकिलांवर सोडू नका. आमच्या बापांना पगाराची चिठ्ठी वाचता यावी म्हणून रात्रशाळा निघाल्या. आता आपल्याला राजपत्र वाचायला शिकले पाहिजे. नकाशे मंजूर होण्यापूर्वी हरकती मागवल्या जातात, त्यांना मुदत असते. त्या मुदतीत दहा माणसांनी केलेली सही ही नंतरच्या दहा हजारांच्या मोर्चाहून मोलाची ठरते. गिरणगावाने हे शिकण्यासाठी आपली जमीन फी म्हणून भरली आहे. निदान तो धडा तरी वाया जाऊ नये, एवढीच आमची विनंती.