रुखवतातील मणी आणि निगडीची वसाहत

लग्नमंडपाच्या एका कडेस मांडलेल्या रुखवताकडे बोट दाखवून ‘ही आपली फार पुरातन चाल’ असे जे सहज म्हटले जाते, ते लाडू-चिवड्यापुरते खरे मानावयास कोणाची हरकत नसावी. परंतु त्याच मेजावर मिरवणारा मण्यांचा बटवा, मोत्यांनी मढविलेला नारळ, दारावरचे तोरण आणि काठाकाठास मणी ओवलेला क्रोशाचा जाळीदार रुमाल यांचे वय काढावयास बसले, तर ही सारी मंडळी आपल्या पणजीहून क्वचितच वडील निघतील. पुण्याजवळच्या निगडीसारख्या वसाहतीत, जेथे प्रत्येक घर कोठून तरी आलेले आहे, तेथे हे विशेष स्वच्छ दिसते.

मणी मात्र प्राचीन, यात शंका नाही. शिरूर तालुक्यात घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या संशोधकांनी जे उत्खनन केले, त्यात सुमारे इ. स. पूर्व 1600 ते 700 या काळातील शेतकरी वस्तीच्या अवशेषांबरोबर रंगीत दगडांचे मणीही हाती आले. पुढे सातवाहनकाळी पैठणहून गोमेदासारखे दगड गाड्या भरभरून भडोचच्या बंदराकडे रवाना होत, असे ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवृत्तात नमूद आहे. म्हणजे मणी घडविणे, भोके पाडणे आणि दूरदेशी विकणे या तिन्ही विद्या या मुलखास दोन हजार वर्षांपूर्वीच अवगत होत्या. पण ओवणे निराळे आणि विणणे निराळे.

ओवण्याचा हक्काचा कारागीर म्हणजे पटवेकरी. पुण्याच्या पेठांतून आपल्या गादीवर बसलेला हा गृहस्थ रेशमाचा पीळ पायाच्या अंगठ्यास अडकवून ताणून धरी, आणि दोन्ही हात मोकळे ठेवून काळी पोत, सोन्याच्या वाट्या, ठुशी, बाजूबंदांचे गोंडे झरझर गाठवून देई. मंगळसूत्र घडवी सोनार, गाठवी मात्र पटवेकरी. आणि दोर झिजला म्हणजे घरची बाई पुन्हा त्याच्याकडेच जाई. या साऱ्या कसबात गाठ आहे, पीळ आहे, गोंडा आहे, टाका नाही. शिवाय हा बाजारात बसून चालविलेला पेशा होता. दुपारच्या वेळी माजघरात करावयाचा उद्योग नव्हता.

टाका आला तो एकोणिसाव्या शतकात, मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि गोऱ्या मडमांच्या दिवाणखान्यांतून. त्या काळी जर्मनीत आणि इंग्लंडात मण्यांनी विणलेल्या थैल्यांचे मोठे वेड होते, आणि त्यांची रीत पाहिली म्हणजे हे काम रिकामटेकडेपणाचे होते असे म्हणण्याचे धाडस होत नाही. फुलाची नक्षी विणावयाची असल्यास तिच्यातील प्रत्येक मणी, रंगवार मोजून, विणकाम सुरू होण्यापूर्वीच दोऱ्यात ओवून ठेवावा लागे, आणि तोही उलट क्रमाने. कारण जो शेवटी ओवला तोच सुईशी प्रथम येणार. आरंभी एक हिरवा मणी चुकला, की त्यापुढील सारी पाने सरकली. क्रोशाच्या कामातही अशीच गंमत आहे: मणी सुईपर्यंत सरकवून खांब पुरा केला, म्हणजे तो विणणारणीच्या बाजूस न राहता पलीकडच्या अंगास जाऊन बसतो, त्यामुळे तिला आपली नक्षी उलट्या बाजूनेच सिद्ध करावी लागते.

हे शिक्षण मराठी घरांत मुरले ते रमाबाई रानडे यांनी 1909 साली पुण्यात सुरू केलेल्या सेवासदनासारख्या संस्थांच्या शिवण-भरतकामाच्या वर्गांतून. आणि त्यास लागणारा बारीक, एकसारख्या भोकाचा काचमणी व्हेनिसचा किंवा बोहेमियातील कारखान्यांचा असे व मुंबई बंदरात उतरे. ज्या कामास आपण घरंदाज म्हणतो, त्याचा मुख्य जिन्नस असा परमुलखातला होता. मला यात कमीपणा वाटत नाही; मिरचीही बाहेरूनच आली.

मौजे निगडी, तालुका हवेली, हे तेव्हा पुणे-मुंबई रस्त्यालगतचे शेतीचे गाव होते. देहूहून निघालेली तुकोबांची पालखी येथूनच आकुर्डीच्या मुक्कामास जाते, तेव्हा वारकऱ्यांच्या गळ्यांतील तुळशीमण्यांची माळ हाच गावाच्या नित्य परिचयाचा मणी असावा. पिंपरीस 1954 साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला, पाठोपाठ मोटारींचे आणि स्कूटरींचे कारखाने आले, 1972 साली नवनगर विकास प्राधिकरण स्थापन झाले, आणि सातारा-सांगलीपासून खानदेश-मराठवाड्यापर्यंतची कुटुंबे शेजारीशेजारी नांदू लागली. पाळीवर गेलेला नवरा, शाळेत गेलेली मुले, आणि ज्यात सासरचे शेत नाही की माहेरचे परसू नाही असे दोन खोल्यांचे घर, या योगाने बाईस जी दुपार लाभली, तिच्यातच वायरच्या पिशव्या, दोन सुयांवरचे स्वेटर आणि मण्यांचे विणकाम फोफावले. एकीने गावाकडून आणलेला मोराचा नमुना दुसरीने उतरवून घ्यावा, तिसरीने त्यास नवा पिसारा जोडावा, आणि सामान संपले म्हणजे दोघीतिघींनी मनपाची बस धरून रविवार पेठेतील बोहरी आळी गाठावी, असा क्रम पडला. मणीही बदलला: विलायती जाऊन उत्तर प्रदेशातील पुरदिलनगरसारख्या गावांचा काचमणी आला, त्यामागून हलका, स्वस्त प्लास्टिकचा.

या हलकेपणाची माझी एक तक्रार आहे. दुधाच्या वा ताकाच्या भांड्यावरील जाळीच्या रुमालास काठाने मणी लावीत ते शोभेपूर्वी वजनासाठी: काचेच्या मण्यांच्या भाराने काठ चारी अंगांनी खाली ओढला जाई, वाऱ्याने उडत नसे आणि माशीस वाट मिळत नसे. प्लास्टिकच्या मण्याने ते काम होत नाही. अर्थात भांडेच आता शीतकपाटात गेल्यामुळे त्याची खंत करणारे माझ्यासारखे थोडेच. रुमाल मागे पडला, तरी हात थांबलेले नाहीत. महानगरपालिकेच्या पवनाथडी जत्रेत बचत गटांच्या बायका आपल्या वस्तू घेऊन बसतात. तेथे मण्यांचे तोरण वा विणलेला बटवा हाती घेऊन गिऱ्हाईक मण्यांची किंमत अदमासते, दोऱ्याची अदमासते, आणि त्या दोहोंच्या बेरजेवरच घासाघीस सुरू करते.