जीपच्या पोटातले चार इंच

आमच्या चकलांब्यात, म्हणजे अख्ख्या गेवराई तालुक्यातच म्हणा, कमांडर असो, मॅक्स असो की बोलेरो, सगळ्यांना नाव एकच : जीप. कंपनीनं काहीही नाव देऊ दे. आज या जीपचं बॉनेट उघडूया, कारण आत चार सिलिंडरांच्या तीन घराण्यांचा इतिहास आहे. आणि तो कळतो फक्त मापांवरून.

पहिलं घराणं अमेरिकन. महिंद्रानं १९४०च्या दशकाच्या अखेरीस मुंबईत विलीज जीप जोडायला सुरुवात केली. विलीजचं दुसऱ्या महायुद्धातलं इंजिन 'गो डेव्हिल' : १३४ घनइंच, म्हणजे साधारण २.२ लिटर, ताकद ६० हॉर्सपॉवर. त्याच मापात पुढे 'हरिकेन' आलं. फरक एवढाच, की हवा आत घेणारी झडप ब्लॉकमधून उचलून वर हेडमध्ये नेली. हवा जास्त आली, ताकद वाढली, पण इंजिन उंच झालं. म्हणून सीजे-३बी जीपचं बॉनेट वर उचलावं लागलं. जुन्या महिंद्रा जीपचं ते उंच कपाळ दिसतं ना, ते त्यामुळं. ही इंजिनं मात्र पेट्रोलची. खेड्याला परवडायचं डिझेल.

डिझेल आलं दोन वाटांनी. एक वाट फ्रान्सची. एमएम ५४० जीपमध्ये पेजोचं एक्सडीपी ४.९० इंजिन होतं. नावातच माप आहे : चार सिलिंडर, ९० मिलिमीटर बोअर. ८३ मिलिमीटरचा स्ट्रोक धरून गणित केलं की २११२ सीसी येतात.

दुसरी वाट शेतातली. १९६३ साली महिंद्रानं अमेरिकेच्या इंटरनॅशनल हार्वेस्टरबरोबर ट्रॅक्टरची कंपनी काढली. बी-२७५ हा तिचा ट्रॅक्टर. त्याचं डिझेल इंजिन पुढे जीपमध्येही बसलं. त्याचा स्ट्रोक होता ४ इंच.

आता डीआय इंजिन बघा. कमांडर डीआय, मॅक्स, बोलेरो, सगळीकडं २५२३ सीसी. बोअर ८८.९ आणि स्ट्रोक १०१.६ मिलिमीटर. हे आकडे असे विचित्र का? २५.४ नं भागून बघा. साडेतीन इंच आणि बरोबर ४ इंच! इंटरनॅशनलच्या १५४ घनइंची ट्रॅक्टर इंजिनाचं हेच माप. देशात मेट्रिक पद्धत आली, कंपन्यांचे करार संपले, पण माप हललं नाही. आमच्या सॉफ्टवेअरमध्येही असंच असतं : वरचं सगळं बदलतं, तळाचा जुना कोड तसाच चालत राहतो.

यात जुनाटपणा आहे, पण शहाणपणही आहे. लांब स्ट्रोकचं इंजिन फार पळत नाही, पण कमी फेऱ्यांतच जोर देतं. डीआयमध्ये डिझेल थेट पिस्टनच्या माथ्यावर फवारलं जातं. पेजोसारखी वेगळी कोठडी नाही, त्यामुळं उष्णता कमी वाया जाते आणि डिझेल वाचतं. आवाज मात्र वाढतो. खच्चून भरलेली जीप, कच्चा रस्ता आणि तिकिटाच्या पैशातून निघणारं डिझेल, या हिशेबात ट्रॅक्टरचे गुणच कामाचे होते. बाजाराला, कॉलेजला, दवाखान्याला माणसं याच जोरावर पोचली.

आता प्रवासी बोलेरोत दीड लिटरचं तीन सिलिंडरचं इंजिन आलंय. पिकअपमध्ये २५२३ सीसी टिकून आहे, फक्त कॉमन रेल आणि सेन्सर लावून. त्यामुळं पान्यासोबत आता स्कॅनरही लागतो. आत पिस्टन मात्र अजूनही चार इंचच खाली-वर करतोय.