धाग्याआधीची अळी

मी बेंगळुरूच्या राजाजीनगरातून बोलतोय. येवल्याच्या पैठणीला लागणारं बरंचसं रेशीम याच शहरातून जातं. अठराव्या शतकात टिपू सुलताननं म्हैसूर राज्यात रेशीमशेतीला चालना दिली. पुढे जमशेटजी टाटांनी जपानी जाणकारांच्या मदतीनं बेंगळुरूत रेशीम फार्म काढला. १९४९ साली स्थापन झालेल्या केंद्रीय रेशीम मंडळाचं मुख्यालयही इथंच आहे.

या इतिहासात अळी म्हणजे फक्त धागा. तुतीवर वाढलेल्या अळीचा कोष उकळायचा, सुमारे १ किलोमीटर तंतू उलगडायचा. आतला मेलेला जीव तेलाला नाहीतर कोंबड्या-माशांच्या खाद्याला.

आसामात हिशेब उलटा. तिथं बायका एरंडाच्या पाल्यावर घरातच एरी अळ्या पाळतात. एरीचा कोष एका टोकाला उघडा असतो. आतला जीव काढून भाजतात, तळतात. रिकामा कोष कापसासारखा कातायचा. बऱ्याच घरांत आधी जेवण, मग कापड.

कोरियात तर तुतीच्याच अळीचे कोषातले जीव शिजवून खातात. म्हणजे ‘टाकाऊ’ अळी नव्हतीच. तसा शिक्का आपल्या बाजारानं मारला. तुम्ही ती खा, असं मी म्हणत नाही. पण रेशमाचा इतिहास सांगताना राजे आणि उद्योगपतींच्या पंगतीत आसामच्या त्या बायकांचंही पान मांडायला हवं.