पुणे धर्मप्रांताची जडणघडण

मिस्साबलिदानात आपण पोपमहाशयांच्या नावापाठोपाठ आपल्या बिशपांचे नाव घेतो. येरवड्यातील भाविक जे नाव घेतात, तेच सातारा आणि सोलापूर येथील भाविकही घेतात. कारण ते एकाच धर्मप्रांताचे आहेत. हा धर्मप्रांत कसा घडला, हे मात्र आपल्या घरांतून क्वचितच सांगितले जाते.

१ सप्टेंबर १८८६ रोजी पोप तेरावे लिओ यांनी भारतात बिशपांची श्रेणीव्यवस्था स्थापन केली. त्याच वेळी पुणे धर्मप्रांत अस्तित्वात आला. बर्नार्ड बायडर-लिंडेन हे जर्मन येशूसंघीय त्याचे पहिले बिशप. छावणीतील आयरिश सैनिक, गोव्याहून आलेली कुटुंबे आणि नगर जिल्ह्यातील खेड्यांतले मराठी ख्रिस्ती असा त्यांचा कळप होता. नगर भागात सेवा करणाऱ्या फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ मध्ये ‘निरोप्या’ मासिक सुरू केले; १९०७ मध्ये तेच पुण्याचे बिशप झाले.

१९१४ मध्ये महायुद्ध पेटले आणि जर्मन धर्मगुरू सरकारच्या लेखी शत्रू ठरले. अनेकांना अहमदनगरच्या छावणीत स्थानबद्ध करून पुढे मायदेशी धाडण्यात आले. उरलेल्या मोजक्या येशूसंघीयांनी, गोव्याच्या धर्मगुरूंनी आणि गावोगावच्या धर्मशिक्षक मास्तरांनी श्रद्धेचा दिवा विझू दिला नाही. बिशप डोरिंग यांची १९२१ मध्ये जपानमधील हिरोशिमा येथे नेमणूक झाली. १९२७ मध्ये ते पुन्हा पुण्याच्या आसनावर आले.

हेच संकट आपल्या लुथरन बांधवांवरही कोसळले होते. रांची येथे १८४५ पासून कार्य करणाऱ्या गॉस्नर मिशनचे जर्मन मिशनरी याच युद्धात हद्दपार झाले. तेव्हा छोटा नागपूरच्या आदिवासी ख्रिस्ती मंडळींनी १० जुलै १९१९ रोजी आपली ख्रिस्तसभा स्वायत्त असल्याचे घोषित केले आणि कारभार आपल्या हाती घेतला. आपली व्यवस्था निराळी आहे. आपल्याकडे बिशपांची नेमणूक पोपमहाशय करतात, आणि पुण्याला पहिले भारतीय बिशप अँड्र्यू डिसोझा लाभले ते १९४९ मध्ये. तीस वर्षांचे हे अंतर विचार करायला लावणारे आहे. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबर्ग येथे कॅथलिक व लुथरन प्रतिनिधींनी संयुक्त जाहीरनाम्यावर स्वाक्षऱ्या केल्या. त्यानंतर तरी या बांधवांकडून शिकण्यात संकोच नसावा.

पुढे धर्मप्रांताच्या सीमा आक्रसत गेल्या. १९५३ मध्ये बेळगाव, १५ मे १९८७ रोजी नाशिक आणि ५ जुलै २००५ रोजी सिंधुदुर्ग हे धर्मप्रांत स्थापन झाले. नगरची खेडी नाशिककडे गेली. थॉमस भालेराव तेथील पहिले बिशप. कोल्हापूर, रत्नागिरी व सिंधुदुर्ग हे जिल्हे नव्या सिंधुदुर्ग धर्मप्रांतात गेले. ही विभागणी म्हणजे हानी नव्हे. मुलगा कर्ता झाला की वेगळी चूल मांडतो, तसेच हे आहे. दरम्यान, १९५५ मध्ये श्रीलंकेतील कँडीहून पेपल सेमिनरी येरवड्याजवळच्या रामवाडीत आली. जिथे परदेशी धर्मगुरूंची वाट पाहिली जाई, त्याच नगरीत आता देशभरातील तरुण धर्मगुरू होण्यासाठी शिकू लागले.

या इतिहासाचे बोलणे स्पष्ट आहे. मिशनरी येतात व जातात, सीमा बदलतात; धर्मग्राम मात्र तेथील कुटुंबांच्या खांद्यांवर उभा असतो. १९१४ साली मास्तरांनी जे ओझे उचलले, ते आज आपल्याकडे आले आहे.